काळी, पांढरी आणि सडक : सेलू परिसरातील मृदा-संस्काराचा शब्दाधारित इतिहास

१

वर्धा जिल्ह्यातील सेलू हे नागपूर-वर्धा मार्गावरील तालुक्याचे गाव बोर नदीच्या खोऱ्यात वसले आहे. उत्तरेस बोरच्या रानाच्या टेकड्या आहेत आणि दक्षिणेकडे सरकावे तसतशी जमीन सपाट व काळी होत जाते. या भागात एकाच जमिनीविषयी दोन परस्परविरुद्ध मते एकाच माणसाच्या तोंडून ऐकावयास मिळतात. आपल्या शेताविषयी बोलताना शेतकरी काळीचा कस अभिमानाने सांगतो. त्याच शेताकडे जाणाऱ्या पांदणीचा विषय निघाला की तीच काळी त्याला वैरीण वाटते. श्रावण-भाद्रपदात बैलांचे पाय गुडघ्यापर्यंत रुततात, चाके आसापर्यंत जातात आणि आजारी माणसाला खाटेवर घालून सडकेपर्यंत न्यावे लागते.

रस्त्याखालची दुर्बळ माती चुना, राख, सिमेंट, अन्य रासायनिक द्रव्ये व तंतू यांच्या साह्याने सबळ करणे हा आज स्थापत्यशास्त्राचा एक स्वतंत्र विषय आहे. त्याला मृदा-स्थिरीकरण म्हणतात. प्रस्तुत लेखक स्थापत्यविशारद नव्हे. त्याचा विषय भाषा. तथापि या विषयाच्या इतिहासाचा एक भाग शब्दांत साठलेला आहे, आणि तो अभियंत्यांच्या अहवालांत आढळत नाही. शेतकऱ्याचे, गवंड्याचे आणि सडकेवरच्या मजुराचे मातीविषयीचे शब्द एकत्र मांडले असता काय दिसते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

मराठी गावाच्या वर्णनात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ ही जोडी जुनी आहे. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मोल्सवर्थने आपल्या कोशात हा भेद नोंदविला आहे आणि त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात गावाची मांडणी सांगताना त्याचा उपयोग केला आहे. दोन्ही शब्द मूळचे रंगवाचक. परंतु वापरात ते जमिनीचे कार्य सांगू लागले. पेरावयाचे ते काळीत आणि बांधावयाचे ते पांढरीवर, असा हा दंडक आहे.

पांढरीचा पांढरेपणा पुष्कळ ठिकाणी निसर्गदत्त नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. शतकानुशतके एकाच जागी वस्ती राहिली की चुलीतील राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, चुना, हाडे, खापरे यांचे थर साचतात आणि भोवतालच्या काळ्या शिवारात फिकट रंगाचे एक टेकाड उभे राहते. महाराष्ट्रातील पुरातत्त्वज्ञ प्राचीन वस्ती शोधताना अशा पांढरीच्या टेकाडांचा माग घेतात आणि ‘पांढरी’ हा खेड्यातला शब्द त्यांनी जवळजवळ पारिभाषिक म्हणून स्वीकारला आहे. तेव्हा पांढरी म्हणजे माणसाच्या वावराने पालटलेली माती, असे म्हणावयास हरकत नाही. राख, चुना व तंतुमय काडीकचरा मातीत मिसळला की तिचा स्वभाव बदलतो, ही आजच्या प्रयोगशाळेतील गोष्ट पांढरीच्या टेकाडात कोणीही हेतू न धरता घडून गेलेली दिसते.

घराला जागा निवडता येते, शेतालाही येते. सडकेला मात्र तसे स्वातंत्र्य नाही. पांढरीपासून पांढरीपर्यंत जावयाचे तर मधली काळी तिला ओलांडावीच लागते. काळीवर बांधू नये हा दंडक ज्या एका बांधकामाला पाळता येत नाही ते म्हणजे सडक. सेलू परिसरातील रस्त्यांचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

३

काळीचा स्वभाव असा का, याचे उत्तर तिच्या जन्मात आहे. दख्खनच्या लाव्हाचा काळा पाषाण झिजून ही माती झाली. तिच्यातील चिकणमातीचा मुख्य घटक मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज होय. फ्रान्समधील मोंमोरियों या गावावरून त्याला १८४७ मध्ये हे नाव मिळाले. या खनिजाचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चवडी. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की चवड फुगते, पाणी गेले की आक्रसते. म्हणून वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्या मिटतात. भेगांत वरची माती पडते, फुगलेली खालची माती वर ढकलली जाते, आणि अशा रीतीने ही जमीन स्वतःला उलटवीत राहते. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात या मातीला ‘व्हर्टिसॉल’ हे नाव दिले. त्याच्या मुळाशी ‘वळणे, उलटणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. इंग्रजी ग्रंथांत त्यापूर्वी रूढ असलेला ‘रेगूर’ हा शब्द तेलुगूतील ‘रेगडि’ या शब्दापासून आला. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात त्याची नोंद आहे.

वर्धा-नागपूर भागातील बंदोबस्ताच्या कागदपत्रांत मातीचे जे देशी प्रकार नोंदलेले आहेत ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहेत. काळी, मोरंड, खरडी आणि बरडी अशी ती उतरंड. काळी खोल व जड. मोरंड तिच्याहून किंचित फिकी, बहुधा चुनखडीचे खडे असलेली. खरडी उथळ व खडेमिश्रित. बरडी म्हणजे टेकडीच्या उतारावरची गोटाळ जमीन. सारा ठरविताना ही उतरंड वरून खाली वाचली जात असे, म्हणजे काळी अव्वल आणि बरडी शेवटची. सडकेसाठी मात्र तीच खालून वर वाचावी लागते. बरडी पाणी धरत नाही आणि फुगत नाही, खरडीखाली लवकरच मुरूम लागतो, मोरंड मध्यम, आणि अव्वल काळी सर्वांत वाईट. ज्या गावचा सारा जास्त त्या गावची वाट अवघड, असा हा विरोध आहे. संपन्न शिवाराच्या वाट्याला पावसाळ्यात सर्वांत अधिक एकाकीपणा येतो, याचे एक कारण असे मातीतच आहे.

‘मुरूम’ या शब्दाचा प्रवासही येथे नमूद करण्यासारखा आहे. पाषाण कुजून झालेला हा ठिसूळ खडा महाराष्ट्रात सर्वत्र वाटेवर पसरतात. ‘हॉब्सन-जॉब्सन’ने हा शब्द सडकेच्या भरावाच्या संदर्भात नोंदवून तो मराठी असावा असे म्हटले आणि मोल्सवर्थचा आधार दिला. भारतातील अभियंत्यांच्या इंग्रजीत तो आजही जसाच्या तसा चालतो. सडकेच्या शास्त्राला मराठीने दिलेला हा एक शब्द होय. काळीविषयीचे आमचे शब्द मात्र त्या शास्त्रात गेले नाहीत. त्याचा विचार पुढे येईलच.

४

माती दुर्बळ आहे असे आपण केव्हापासून म्हणू लागलो, हा प्रश्न इतिहासाचा आहे. दुर्बळता ही मातीची जात नव्हे. तिच्यावर आपण जो भार टाकू इच्छितो त्याच्याशी असलेले ते तिचे नाते होय. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वर्धा खोऱ्यातील हिंगणघाटच्या कापसाला महत्त्व आले. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. जिल्ह्याच्या बंदोबस्ताचे काम केलेला रिव्हेट-कार्नॅक हा अधिकारी पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडचा कापूस-आयुक्त झाला. जमिनीची प्रत, कापूस आणि वाहतूक हे तीन प्रश्न त्या काळी किती निकट होते हे यावरून दिसते.

परंतु कापसाची वेचणी पावसाळा सरल्यावर होते. कार्तिकानंतर काळी वाळून कठीण होई आणि गाड्या शेतांतून, नाल्यांतून कोठूनही स्टेशनाकडे निघत. लोखंडी धावेच्या अरुंद चाकांनी जी खोल रेघ पडे तिला ‘चाकोरी’ म्हणतात. चाकोरीतून जाणे म्हणजे ठरलेल्या रीतीने वागणे, हा लाक्षणिक अर्थ आज इतका रुळला आहे की मूळ अर्थ सांगावा लागतो. चाकोरी हा मातीच्या पराभवाचा माग आहे. धाव जेथे रुतली तेथेच पुढची गाडी जाते आणि रेघ अधिक खोल होते. उघडिपीच्या चार-सहा महिन्यांपुरता हा व्यवहार निभत असे. पावसाळ्यात गाडी जात नाही ही तक्रार नव्हती, तो ऋतुक्रम होता.

तो ऋतुक्रम क्रमाने मोडला. सडकांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९२८ मध्ये आला आणि तिच्या शिफारशींतून १९२९ चा मध्यवर्ती रस्ता निधी व १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेचा जन्म झाला. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले हेच जयकर. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे, म्हणजे सेलूपासून अवघ्या काही कोसांवर भरली. तेथे ठरलेली वीस वर्षांची योजना ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंतची श्रेणी तिने रूढ केली आणि शेतीप्रधान प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य सडकेपासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असे ध्येय ठेवले. आठमाही वाटेच्या जागी बारमाही सडकेची अपेक्षा तेव्हापासून निश्चित झाली.

पीकक्रमानेही तेच मागितले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत विदर्भात सोयाबीनचा प्रसार झाला. हे पीक आश्विनाच्या आगेमागे, जमीन ओली असतानाच निघते. कापसासारखे ते उघडिपीची वाट पाहत नाही. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र शेतापर्यंत नेणे त्यामुळे भाग पडले. २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तर २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. दुसरीकडे सेलू तालुक्यातून जाणारा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी या टप्प्यात ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. एकाच शिवारात आज सिमेंट काँक्रीटचा महामार्ग आणि चिखलाची पांदण शेजारी नांदतात. भोवतालची माती तीच. तिच्यावर झालेला संस्कार व खर्च निराळा.

५

मातीवर करावयाच्या संस्काराचे प्रकार तीन क्रियापदांत सांगता येतात : बदलणे, मिसळणे आणि अंथरणे. काळी खणून काढून तिच्या जागी मुरूम भरणे हे बदलणे. मातीत दुसरे द्रव्य कालवून तिचा गुण पालटणे हे मिसळणे. मातीच्या थरांमध्ये चटईसारखा आधार घालणे हे अंथरणे. सडकेच्या कामात आपल्याकडे दीर्घकाळ पहिलेच क्रियापद चालले. उरलेली दोन क्रियापदे अज्ञात होती असे मात्र नव्हे. ती घराच्या भिंतीत आणि अंगणात नांदत होती.

विदर्भातील गवंडी भिंतीचा चिखल करताना नुसती माती घेत नाही. तो तिच्यात कुटार किंवा तणस टाकतो, पाणी सोडून ती मुरू देतो आणि मग पायांनी तुडवितो. कुटार न घातलेली भिंत वाळताना तडकते हे त्याला ठाऊक असते. माती दाब सोसते, ताण सोसत नाही; वाळताना ती आक्रसते तो ताणच होय. चिखलात विखुरलेल्या काड्या हा ताण वाटून घेतात, त्यामुळे एका मोठ्या भेगेऐवजी अनेक सूक्ष्म रेषा पडतात आणि भिंत टिकते. सारवणाच्या शेणातील न पचलेले गवताचे तंतू हेच कार्य अंगणात करतात. १९३६ मध्ये सेलूपासून फार दूर नसलेल्या सेगावी, म्हणजेच पुढच्या सेवाग्रामी, गांधीजींसाठी जी घरे उभी राहिली ती माती, बांबू, लाकूड अशा स्थानिक साहित्याचीच. बापूकुटीच्या भिंती आजही तेथे पाहावयास मिळतात.

अंथरण्याचाही अनुभव घराघरांत होता. गाडी रुतली की चाकाखाली तुराट्या, पऱ्हाट्या किंवा फांद्या टाकण्याची रीत कोणत्याही खेड्यात दिसते. चाकाचा भार त्या रुंद जागेवर पसरवितात आणि चिखल वर उसळू देत नाहीत. हाच विचार फार प्राचीन काळी बांधकामात आला होता. इराकमधील अकरकूफ येथील मनोरा ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या सुमाराचा. त्याच्या कच्च्या विटांच्या थरांत ठराविक अंतरावर वेताच्या चटया घातलेल्या आहेत. फ्रेंच अभियंता आंरी व्हिदाल याने १९६० नंतरच्या दशकात ‘सबलित मृदा’ ही पद्धती शास्त्रशुद्ध पायावर मांडली, तेव्हा एका जुन्या लोकव्यवहाराला गणिताचा आधार मिळाला.

मग ही विद्या सडकेवर का आली नाही? कारणे दोन दिसतात. भिंतीवर छप्पर असते, सडकेवर नसते. कुटाराची भिंत पावसात उघडी ठेवली तर तीही विरघळेल. दुसरे कारण श्रमाचे. अंगण दर आठ दिवसांनी सारविले जाते, भिंत दर दिवाळीला लिंपली जाते आणि हे काम घरातील स्त्रिया करतात. सडकेला असे घरचे माणूस नाही. लोकविद्येतील मृदा-संस्कार हा पुनःपुन्हा करावयाचा होता, तर सडकेला एकदा करून टिकणारा संस्कार हवा होता. या फरकाकडे दुर्लक्ष करून आमच्या पूर्वजांना सर्व काही अवगत होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

६

टिकाऊ संस्कारासाठी प्रथम मातीचे मोजमाप व्हावे लागले. स्वीडिश शास्त्रज्ञ आल्बर्ट आटरबर्ग याने १९११ मध्ये चिकणमाती किती पाण्याने मळण्याजोगी होते आणि किती पाण्याने वाहू लागते, या दोन सीमा ठरविल्या. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागात १९२९ च्या सुमारास ओ. जे. पोर्टर याने मातीची धारणशक्ती मोजण्याची कसोटी बसविली. तिच्यात माती चार दिवस भिजवून तिच्यात एक दट्ट्या अडीच मिलिमीटर घुसवितात. त्यास लागणारा भार हा १३७० किलोग्रॅम या प्रमाणभाराच्या किती टक्के आहे, हे पाहतात. भिजलेल्या काळीचा अंक बहुधा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास राहतो. हा अंक जितका लहान तितकी गिट्टीची जाडी अधिक आणि तितका खर्च मोठा. प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये, विशिष्ट ओलाव्यातच माती सर्वांत घट्ट दाबली जाते, हे दाखविले.

या मोजमापाच्या आधारे मिसळण्याचे शास्त्र उभे राहिले. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात जॉन्सनव्हिल येथे १९३५ मध्ये माती व सिमेंट यांच्या मिश्रणाची सडक शास्त्रीय पद्धतीने बांधली गेली. आमच्या काळीसाठी मात्र चुना अधिक मानवतो. विरविलेला चुना मातीत मिसळला की प्रथम कॅल्शियमचे कण पापुद्र्यांवरील इतर कणांची जागा घेतात, पापुद्रे एकमेकांस बिलगून गुठळ्या होतात आणि चिकट माती रवाळ बनते. हे काही तासांत किंवा दिवसांत घडते. त्यानंतर चुन्याच्या तीव्र अल्कतेने मातीतील सिलिका व अॅल्युमिना विरघळून चुन्याशी संयोग पावतात आणि सिमेंटसारखे बंध तयार होतात. ही क्रिया महिनोन्महिने चालते. मातीच्या वजनाच्या तीन ते सहा टक्के चुना बहुधा पुरतो. जवळच्या कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांतून मिळणारी उडती राख चुन्याच्या जोडीने वापरली असता तिच्यातील सिलिकाही या कामी येते. पांढरीच्या टेकाडात जी राख नकळत मिसळली, ती आता मोजून मिसळली जाते, इतकाच काय तो भेद.

येथे एक विसंगती ध्यानात येते. काळीत व मोरंडीत चुनखडीचे खडे मुळातच असतात. मग माती आपोआप सबळ का होत नाही? कारण तो चुना मुका आहे. खड्यातील चुना कर्बाम्लाशी बांधलेला असल्यामुळे क्रिया करीत नाही. तो भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजला, कळीचा झाला आणि पाण्याने विरविला, म्हणजेच जागा होतो. मराठीत ‘चुनखडी’, ‘कळीचा चुना’ आणि ‘विरलेला चुना’ हे तीन वेगळे शब्द आहेत. गवंड्याने हा भेद शतकानुशतके पाळला आहे. एकाच ‘चुना’ या शब्दाने भागविले तर कामावर घोटाळा होतो, आणि तो केवळ भाषेचा राहत नाही.

रासायनिक द्रव्यांविषयी सावधगिरीही अवश्य आहे. मातीत गंधकयुक्त क्षार असतील तर चुन्याच्या संयोगाने नवीन फुगणारी स्फटिके तयार होतात आणि उपायच अपाय ठरतो. सेंद्रिय द्रव्य अधिक असेल तर चुन्याची क्रिया मंदावते. अलीकडे विकली जाणारी विकरे आणि बहुवारिक द्रव्येही सर्व मातींत सारखी फळत नाहीत. म्हणून प्रत्येक ठिकाणची माती तपासल्यावाचून प्रमाण ठरवू नये, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

७

चुन्याने माती कठीण होते, पण ठिसूळही होते. भार एका मर्यादेपलीकडे गेला की ती अकस्मात तडकते. येथे तंतूंचे प्रयोजन पुन्हा उपस्थित होते. मातीच्या कोरड्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी प्रमाणात आखूड तंतू विखुरले असता तडकलेला भाग धरून ठेवला जातो आणि माती एकदम न मोडता हळूहळू वाकते. चुना बांधतो आणि तंतू सांभाळतो, अशी ही श्रमविभागणी आहे. कुटार आणि चुना यांची जी जोडी भिंतीत वेगवेगळ्या थरांत होती, ती येथे एका थरात आली.

कापसाच्या या प्रदेशाला एक प्रयोग विशेष आठवावा असा आहे. दक्षिण कॅरोलिनाच्या महामार्ग विभागाने १९२६ पासून काही सडकांवर जाड सुती कापड अंथरून त्यावर डांबर व वाळू घातली आणि १९३५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कापड टिकले तोवर भेगा व पडझड कमी झाली. पुढे ते कुजले. सडकेत विणलेले वस्त्र वापरण्याचा हा आरंभीचा प्रयत्न मानला जातो. कुजण्याचा दोष टाळण्यासाठी नंतर कृत्रिम धाग्यांची वस्त्रे आली. तथापि कुजणे हा नेहमीच दोष नसतो. भरावाखालची ओली माती दाबली जाऊन घट्ट होईपर्यंत, म्हणजे काही पावसाळ्यांपुरताच, आधार हवा असेल तर काथ्यासारखा, लिग्निनचे प्रमाण अधिक असल्याने हळूहळू कुजणारा तंतू पुरेसा असतो. केंद्र शासनाने २०२० मध्ये ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात काथ्याच्या भूवस्त्राला मान्यता दिली. त्या वेळी सात राज्यांत मिळून १६७४ किलोमीटर रस्त्यांची निवड जाहीर झाली आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा ३२८ किलोमीटर होता.

८

आता मूळ मुद्द्याकडे वळू. चुना मिसळण्यातील सर्वांत कठीण पायरी रसायनाची नाही, ढेकूळ फोडण्याची आहे. ओल्या काळीचा गोळा होतो, वाळल्या काळीचा दगड होतो. दोहोंतही चुना आत शिरत नाही. ढेकळाला बाहेरून चुना लागतो, आत माती तशीच राहते आणि पहिल्या पावसात फुगते. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ने १९७३ मध्ये काळी माती भुसभुशीत करण्याच्या रीतीवर एक स्वतंत्र मानक काढले, यावरूनच या पायरीचे महत्त्व कळते.

या अवस्थेला मराठीत एक शब्द आहे : ‘वाफसा’. पावसानंतर जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, वखर घातला असता ढेकूळ सहज फुटते आणि माती औजाराला चिकटत नाही, त्या स्थितीला वाफसा म्हणतात. सेलूचा शेतकरी मूठभर माती दाबून, बोटाने फोडून तो ओळखतो. आटरबर्गची मळण्याची सीमा आणि वाफसा या एकमेकींच्या निकटच्या गोष्टी आहेत. प्रॉक्टरचा इष्ट ओलावा मात्र दाबण्यासाठी आहे, वाफसा मोकळे करण्यासाठी. या दोहोंस एक मानणे चूक होईल. चुन्याच्या कामात आधी वाफसा साधावा लागतो आणि नंतर इष्ट ओलावा. दोन शब्द असले की दोन पायऱ्या डोळ्यांपुढे राहतात.

प्रत्यक्षात काय होते? मानक इंग्रजीत, निविदा इंग्रजीत, तपासणीचा तक्ता इंग्रजी आद्याक्षरांत. कामावर असणारा माणूस बहुधा त्याच शिवारातला शेतकरी किंवा शेतमजूर असतो. त्याला वाफसा कळतो, पण तक्त्यावरील टक्केवारी हीच गोष्ट सांगते आहे हे त्याला कोणी सांगत नाही; आणि ज्याला टक्केवारी कळते त्याने वाफसा हा शब्द कदाचित ऐकलेलाही नसतो. ज्ञान दोन्हीकडे आहे, सांधा नाही. प्रस्तुत लेखकाच्या गावाकडील एका पांदणीवर एकदा चुना पसरला गेला तो झडीच्या दिवसांत. पाहणारे वृद्ध शेतकरी ‘वाफसा नाही’ असे म्हणत होते. ते त्यांनी शेतीपुरते खरे मानले आणि कोणास सांगितले नाही. पुढच्या आषाढात ती पांदण पूर्वीसारखीच झाली. या एका उदाहरणावरून नियम काढता येणार नाही. परंतु शब्द हातचे असून कामी न आल्याचे ते उदाहरण निश्चित आहे.

स्थलनामांविषयीही असेच म्हणता येईल. सेलू तालुक्यातील खडकी, वऱ्हाडातील चिखली, गडचिरोलीकडील मुरूमगाव ही नावे मातीची माहिती देताना दिसतात. गावोगावच्या शेतांची नावे तर याहून सूक्ष्म असतात. नाव हे चाचणीला पर्याय नव्हे. वस्ती हलते, नाव मागे राहते, अर्थ विसरला जातो. तथापि सडकेच्या आखणीत नमुने कोठे घ्यावे, माती कोठे बदलत असावी, याची पहिली सूचना ही नावे देऊ शकतात आणि तिला खर्च नाही.

यावरून दोन कामे सुचतात व ती आमच्या विभागांच्या आवाक्यातील आहेत. पहिले, सेलू तालुक्यातील गावे घेऊन शेतकरी, गवंडी व सडक-कामगार यांचे माती, ओलावा, भेग, चुना आणि तंतू यांविषयीचे शब्द अर्थासह नोंदविणे. विशेषतः स्त्रियांचे सारवण-लिंपणाचे शब्द, कारण ते काम संपत आले आहे आणि त्याबरोबर शब्दही जातील. दुसरे, त्या प्रत्येक शब्दाशेजारी स्थापत्य विभागाच्या साह्याने त्याच मातीचे मोजमाप लिहिणे, म्हणजे ‘मोरंड’ म्हटल्यावर कोणता अंक अपेक्षावा हे ठरेल आणि ‘वाफसा’ म्हटल्यावर किती ओलावा, हेही. शब्द आणि अंक एकाच पानावर आले की निविदेचा मराठी तर्जुमा करण्यापेक्षा अधिक काही साधेल.

काळीवर बांधू नये, हे पूर्वजांनी जाणले होते आणि त्यांच्या गरजेपुरते ते बरोबर होते. आज काळीवरून बारा महिने जावयाचे आहे. तेव्हा काळीला, निदान सडकेच्या रुंदीपुरती, पांढरी करणे भाग आहे. त्याची द्रव्ये आता उपलब्ध आहेत. ती केव्हा, कोणत्या मातीत व कोणत्या ओलाव्यात घालावी, हे जाणणारी माणसेही त्याच शिवारात आहेत. त्यांचे शब्द नोंदीत आले, तर सेलूच्या पांदणींवर होणारा पुढचा खर्च तरी एका पावसाळ्याहून अधिक टिकेल, अशी आशा बाळगावयास जागा आहे.